वाटेच्या मापाचे वाहन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वेस्ट व्हर्जिनिया या राज्याचा दक्षिण भाग म्हणजे ॲपलाशियन पर्वतराजीतील अरुंद, खोल आणि एकमेकींत गुंतलेल्या दऱ्यांचा मुलूख होय. शेतीजोगी सपाट जमीन तेथे जवळजवळ नाहीच; जे धन आहे ते पोटात कोळसा आणि पाठीवर अरण्य या रूपाने, आणि त्या धनाचा फार मोठा हिस्सा जमीनधारक कंपन्यांच्या मालकीचा होऊन गेल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या माणसांच्या वाट्यास खाणीतील मजुरी तेवढी आली. १९२० साली मेटवान या गावी संपकरी खाणकामगारांचा पक्ष घेणारे गावकरी आणि कंपनीने आणलेले खाजगी पहारेकरी यांच्यात गोळीबार झाला. पुढल्याच वर्षी ब्लेअर माउंटनवर हजारो कामगार शस्त्रे घेऊन उभे राहिले. कालांतराने यंत्रांनी माणसांची जागा घेतली, खाणी एकामागून एक ओस पडल्या, आणि मागे उरले ते कोळसा व लाकूड वाहून नेण्यासाठी डोंगर कोरून काढलेल्या कच्च्या वाटांचे जाळे. या वाटांवर लोक विनापरवाना गाड्या पिटाळीत. जमिनीच्या मालकांना त्यापासून लाभ शून्य. मात्र कोणी दरीत कोसळून जायबंदी झाला, तर नुकसानभरपाईची फिर्याद आपल्यावर येईल ही धास्ती कायमची.

१९९६ साली राज्याच्या विधिमंडळाने या प्रकरणी जी तजवीज केली ती, माझ्या मते, वाहनांच्या इतिहासातील कोणत्याही नव्या इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. कायद्याने एक प्रादेशिक प्राधिकरण स्थापन झाले. मालकांनी आपल्या जमिनीवरील वहिवाटीची परवानगी त्या प्राधिकरणास मोबदल्यावाचून द्यावी आणि प्राधिकरणाने वाटांची आखणी, देखभाल, बंदोबस्त व दाव्यांपासून मालकांचे संरक्षण हे सर्व आपल्या अंगावर घ्यावे, असा तो व्यवहार. २००० साली पहिल्या वाटा खुल्या झाल्या आणि आज हे जाळे एक हजार मैलांहून अधिक पसरले आहे. त्यास नाव मिळाले हॅटफील्ड–मॅकॉय यांचे. टग फोर्क नदीच्या दोन तीरांवरील ही दोन घराणी अमेरिकन यादवीनंतर वर्षानुवर्षे एकमेकांचे मुडदे पाडीत होती आणि त्यांतील एका पक्षाचा म्होरक्या ‘डेव्हिल’ ॲन्स हॅटफील्ड याचा संगमरवरी पुतळा सारा ॲन येथील त्याच्या थडग्यावर आजही उभा आहे. अशा वैराच्या नावावर पर्यटनाचा व्यवसाय उभा राहतो हे पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील किल्लेदारांची भांडणेदेखील आपण सहलीसाठीच वाचतो.

या वाटांवर एटीव्ही, म्हणजे खडक-चिखलातून चालणारी छोटी मोटारगाडी, किंवा तत्सम वाहन घेऊन जावयाचे तर प्रत्येक स्वारास परवाना लागतो, डोक्यावर मान्यताप्राप्त हेल्मेट असावे लागते, मद्य वर्ज्य असते, आणि वाहन दोघांसाठी बनविलेले नसेल तर मागे दुसऱ्यास बसविण्याची सक्त मनाई असते. सोपी वाट हिरव्या खुणेची, मध्यम निळ्या, आणि बिकट काळ्या. काही गावांतून हीच वाहने रस्त्यावरून नेण्याची मुभा असल्यामुळे पेट्रोलपंपावर, खाणावळीपाशी, मुक्कामाच्या घरापुढे चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. सारांश, वाट ही येथे कायद्याने बांधलेली, मोजलेली आणि मर्यादिलेली अशी एक मिळकत आहे. आणि वाहन घेऊ पाहणाऱ्याने प्रथम या मिळकतीची कागदपत्रे व मोजमापे पाहावीत, मग दुकानाची पायरी चढावी. परंतु बहुसंख्य गिऱ्हाइकांचा क्रम नेमका उलटा असतो. ते दुकानात शिरतात, इंजिन किती सीसीचे हा पहिला प्रश्न टाकतात, आणि त्या एका आकड्यावर वाहनांची प्रतवारी लावून मोकळे होतात. हा आकडा निरर्थक नाही. पण डोंगरवाटेवर तो सहाव्या किंवा सातव्या क्रमांकाचा आहे, आणि त्याच्या आधी कोणते आकडे यावेत हे समजून घ्यावयाचे तर हे वाहन जन्मास कसे आले ते थोडक्यात पाहावे लागेल.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांची तक्रार अशी होती की हिवाळ्यात मोटारसायकली कोणी घेत नाही, सबब दुकान चालू ठेवण्यास काहीतरी निराळा माल हवा. हे काम ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले. त्याने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत नाना रचना करून पाहिल्या, आणि बर्फ, चिखल व निसरडी जमीन यांवर लहानशा इंजिनाच्या बळावर सहज वळणारे वाहन तीन चाकांचेच होते असा निष्कर्ष काढला. पण खरी किल्ली चाकांच्या संख्येत नव्हती. ती टायरांत होती. जाड, फुगीर आणि अत्यल्प दाबाची हवा भरलेले ते टायर बर्फात रुतण्याऐवजी बर्फावर पसरत, आणि खडकावर आपटण्याऐवजी खडकाभोवती दबून जात. १९७० साली बाजारात आलेल्या त्या ८९ सीसीच्या तीनचाकीस निराळे सस्पेंशन नव्हतेच. टायर हेच तिचे सस्पेंशन. पुढल्या वर्षी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या चित्रपटात जेम्स बाँड तिच्यावर स्वार होऊन पळाला, आणि हिवाळ्यातील भर म्हणून निघालेला माल बारमाही झाला.

पुढील पंधरा-सोळा वर्षांत या वाहनाने जितकी लोकप्रियता मिळविली तितकीच अपकीर्तीही. तीनचाकीचा मागील दांडा अखंड असे, म्हणजे दोन्ही मागील चाके सदैव एकाच गतीने फिरत; त्यामुळे वळताना वाहनाची ओढ सरळ जाण्याकडे असे, आणि स्वाराने शरीराचा भार नेमक्या क्षणी नेमक्या बाजूस टाकला नाही तर ते उलटे. जाणत्या स्वारास यात मौज वाटे; बारा वर्षांच्या मुलाचा त्यात प्राण जाई. दरवर्षी शेकडो मृत्यूंची नोंद होऊ लागल्यावर ग्राहकसुरक्षेसाठी नेमलेल्या केंद्रीय आयोगाने उत्पादकांना न्यायालयात खेचले, आणि १९८८ च्या एप्रिलमध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या पाच कंपन्यांशी दहा वर्षांच्या मुदतीचा तहनामा झाला. नव्या तीनचाकी विकू नयेत, खरेदीदारास मोफत शिक्षण द्यावे, आणि ९० सीसीहून मोठ्या इंजिनाचे वाहन सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकू नये, या त्यातील मुख्य अटी. मुदत संपल्यानंतर या कराराचे सार २००८ च्या कायद्यात उतरले आणि नव्या तीनचाकींच्या आयातीवर व विक्रीवर पक्की बंदी आली. तहनाम्याच्या आधीच सुझुकीने १९८२ साली चारचाकी आणली होती, होंडाने १९८६ साली चारही चाकांना शक्ती पुरविणारी. आणि आज ज्याला आपण एटीव्ही म्हणतो ती वस्तू तिथून सुरू झाली.

चौथे चाक आले, सस्पेंशन आले, विजेवर चालणारी यंत्रणा आली. पण मूळचा स्वभाव तोच राहिला, आणि तो टायरात आहे. डोंगरवाटेवरील एटीव्हीच्या टायरात हवा साधारणपणे पाच ते सात पौंड दाबाची असते. मोटारीच्या टायरात ती तिसाच्या वर जाते. टायरातील हवेचा दाब हाच स्थूलमानाने जमिनीवर पडणारा दाब असल्यामुळे, तीनशे किलोंचे हे धूड आणि त्यावरील स्वार मिळून मातीवर जेवढा दाब टाकतात तो उभ्या माणसाच्या पावलांखालील दाबाहून फारसा निराळा नसतो. ही गोष्ट एकदा उमगली की या वाहनाचे सारे गुणदोष तिच्यातून उलगडतात. ओल्या मातीवर ते रुतत नाही, ते यामुळे. डांबरी रस्त्यावर ते अस्थिर व धोक्याचे होते, तेही यामुळेच. कारण मऊ टायर डांबराला चिकटून राहतो, घसरून ताण सोडीत नाही, आणि उंच वाहन वळणावर आडवे होते. पाच पौंडांत एका पौंडाची चूक म्हणजे एकपंचमांशाची चूक. डाव्या-उजव्या चाकांत तेवढा फरक पडला तरी हँडल एका बाजूस ओढते. सबब पेट्रोलपंपावरील दाबमापक येथे कुचकामाचा. कमी दाबासाठी बनविलेले छोटे मापक खिशात असणे हा या वाहनाच्या मालकीचा पहिला खर्च, आणि सर्वांत स्वस्त.

आता तुलनेकडे येऊ. पहिला आकडा रुंदीचा. अमेरिकेतील राष्ट्रीय अरण्यांत पुष्कळशा वाटा पन्नास इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच राखलेल्या आहेत. वनखात्याने प्रसिद्ध केलेल्या वाहतूक-नकाशावर तशी स्पष्ट नोंद असते, आणि २००५ सालच्या नियमानुसार, जी वाट त्या नकाशावर नाही ती वाहनांना बंद असे समजावयाचे. खोगिरासारख्या आसनाची, हँडलाची एटीव्ही या पन्नास इंचांत आरामात बसते. तिची धाकटी पण अंगाने थोराड बहीण जी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन आसने, सुकाणूचे चाक, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली गाडी, ती बहुधा साठ किंवा चौसष्ट इंच भरते. पोलारिसने आपली पहिली आरझेडआर मुद्दाम पन्नास इंचांची केली होती, ती या नियमाकडे पाहूनच. पण शर्यतीची हौस वाढली तशी ही वाहने रुंद होत गेली, आणि आज पंचवीस हजार डॉलर मोजून घेतलेली गाडी वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या दोन खांबांपाशी अडून उभी राहते. युटा राज्यात फिशलेक राष्ट्रीय अरण्यातून जाणारी पायूट वाट ही अशा वाहनांसाठी जगप्रसिद्ध. तिचे मुख्य वर्तुळ सुमारे २७५ मैलांचे आहे आणि त्यास ना आरंभ ना शेवट, ज्या गावातून मनात येईल तेथून शिरावे. या वर्तुळास फुटलेल्या शाखांपैकी ज्या अरुंद आहेत त्यांत खरी शोभा आहे असे जाणते म्हणतात, आणि तेथे रुंद वाहनास प्रवेश नाही.

मग साइड-बाय-साइड कोणी घ्यावी? ज्यास पत्नीस किंवा वृद्ध वडिलांस बरोबर न्यावयाचे आहे, ज्याचे गुडघे दिवसभर उठबस करण्यास राजी नाहीत, त्याने अवश्य घ्यावी. हॅटफील्ड–मॅकॉयच्या बहुतेक वाटा कोळशाच्या गाड्यांसाठी कोरलेल्या असल्यामुळे पुरेशा प्रशस्त आहेत, आणि तेथे आता याच वाहनांची गर्दी दिसते. परंतु एटीव्हीचे आसन लांब असते ते दुसऱ्यास बसविण्यासाठी नव्हे, तर स्वाराला चढावर पुढे, उतारावर मागे आणि वळणावर आतल्या बाजूस सरकता यावे म्हणून. स्वाराचे शरीर हाच तिचा चल भार, आणि त्याच्या हालचालीवर तिचा तोल. लोणावळ्याच्या आसपास किंवा अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीवर एकामागे एक दोघांना, क्वचित तिघांना बसवून फेरी मारण्याची जी चाल पडली आहे, ती पाहताना हे वाहन बनविणाऱ्यांनी टाकीवर चिकटविलेली ताकीद कोणीच वाचीत नाही याची खात्री पटते.

दुसरा विचार शक्ती चाकांपर्यंत पोहोचविण्याच्या रीतीचा. येथे होंडा एका बाजूस आणि बहुतेक सारे दुसऱ्या बाजूस, असा सरळ तंटा आहे. पोलारिस, कॅन-ॲम, यामाहा, सुझुकी यांच्या वाहनांत दोन पसरट कप्प्यांमधून फिरणारा रबरी पट्टा असतो. आपल्या शहरांतील बिनगिअरच्या स्कुटरांत असतो तोच, फक्त आडदांड. स्वाराने अंगठ्याने खटका दाबला की झाले. गिअर बदलण्याची यातायात नाही. परंतु पट्ट्याच्या पेटीत ओढ्याचे पाणी शिरले की पट्टा घसरतो, आणि जड वाहन मंद गतीने चढावर रेटत राहिले की तो तापून जळतो. म्हणून चालकपुस्तिकेत ‘लो’ असा जो खालचा पल्ला सांगितलेला असतो तो खडकाळ, हळू वाटेवर आळस न करता लावावा. पुष्कळांचे पट्टे केवळ हे न केल्यामुळे जातात. होंडाच्या रँचर, फोरमन या जातींत पट्टा नाही. दातेरी गिअर आहेत, ते पायाने, बोटाच्या कळीने किंवा पुढे आलेल्या दुहेरी क्लचच्या योजनेने स्वयंचलित रीतीने बदलतात. चालण्यात थोडा धक्का जाणवतो, पण जळण्यासारखे काही नाही. आणि उतारावर खटका सोडला की इंजिन आपोआप चाकांना धरून ठेवते. पट्ट्याच्या जुन्या वाहनांत हा उतारावरील आवर सुटत असे, गाडी मोकळी धावू लागे. यामाहा व पोलारिस यांनी त्यावर निरनिराळे उपाय योजले, आणि यामाहाचा अधिक नैसर्गिक वाटतो असे माझे मत. डोंगरात जो चढतो त्यास तितकेच उतरावे लागते. पण विक्रेत्याच्या तोंडी चढाची कहाणीच फार.

चारही चाकांच्या शक्तीविषयी बोलताना चौघांनी चार वाटा धरल्या आहेत. पोलारिसमध्ये मागील चाके घसरू लागताच पुढील चाके आपोआप जोडली जातात. कॅन-ॲममध्ये पुढील दोन चाकांतील गतीचा फरक वाढला की एक द्रवयंत्रणा त्यांना हळूहळू आवळते. यामाहाच्या ग्रिझलीत स्वार स्वतः कळ दाबून पुढील दोन्ही चाके पक्की कुलूपबंद करतो. होंडा बहुधा साधीच योजना ठेवते. चिखलात ग्रिझलीचे कुलूप श्रेष्ठ, पण कुलूप लागलेल्या अवस्थेत हँडल वळविणे म्हणजे कुस्ती. साध्या वाटेवर पोलारिसचा मुनीमपणा बरा. मागील सस्पेंशनविषयीही असेच. अखंड दांड्याचे वाहन आडव्या उतारावर भक्कम उभे राहते, ओढकामास चांगले, आणि देखभालीस कमी. पण खडकांच्या वाटेवर दिवसभरात कंबर मोडते. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन असलेले वाहन, जे पोलारिसने १९९६ च्या स्पोर्ट्समनपासून रूढ केले, पोटाखाली जागा अधिक ठेवते आणि स्वारास थकवीत नाही. मात्र वळणावर झुकते, आणि त्याच्या प्रत्येक अर्ध्या दांड्याला दोन दोन रबरी टोप्या असतात, ज्या काटक्यांनी फाटतात. डोंगरवाटेसाठी निवड करावयाची तर मी दुसरे घेईन, टोप्यांची पाहणी मान्य करून.

विजेच्या साहाय्याने वळणाऱ्या सुकाणूस कित्येक जुने स्वार चैन समजतात. ती चैन नव्हे. यामाहाने २००७ च्या ग्रिझली ७०० मध्ये ही सोय दिली तेव्हा तिचा खरा उपयोग लक्षात आला तो हा की खडकावर चाक आपटून हँडलास जो झटका बसतो आणि दिवसाअखेर मनगटे सुजवतो, तो ती यंत्रणा गिळून टाकते. पैसे कोठे घालावे असा प्रश्न असेल, तर शंभर-दोनशे सीसींऐवजी येथे घालावे. शर्यतीच्या जातीच्या, मागील दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या, हलक्या व चपळ एटीव्ही, ज्यांत १९८७ सालची यामाहा बॅन्शी अजून दंतकथेसारखी आठवली जाते, त्या वाळूच्या टेकड्यांवर शोभतात. या प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही.

सीसीचा आकडा आता घ्यावा. ४०० ते ५७० सीसींचे, तीनशे किलोंच्या आसपासचे वाहन एका माणसाच्या डोंगरसहलीस पुरून उरते, आणि नव्याने घेतल्यास साधारण सात-आठ हजार डॉलरांपासून मिळते. ८५० किंवा १००० सीसीचे वाहन त्याच्या दीडपट-दुप्पट किमतीचे, आणि पन्नास-शंभर किलोंनी जड. ते झाडात अडकले, ओढ्यात आडवे झाले, तर दोन माणसांना उचलत नाही. वजन हा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. तो मोठ्याने वाचावा.

साहित्याच्या बाबतीत हौशी मालकाची पहिली झडप नेमकी अनावश्यक वस्तूंवर पडते: मोठे चिखली टायर, उंची वाढविणारे सांधे, हवेची नळी हँडलापर्यंत नेणारी योजना, आणि कर्कश सायलेन्सर. टायर दोन-तीन इंचांनी मोठे केले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, दांड्यांवर व पट्ट्यावर ताण येतो, आणि खोल दातांनी वाट नांगरली जाते. सायलेन्सरविषयी एवढेच सांगतो की राष्ट्रीय अरण्यांत ठिणग्या अडविणारी जाळी असणे कायद्याने आवश्यक आहे, कॅलिफोर्नियात आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे, आणि वाटा बंद होण्यामागे शेजारच्या जमीनमालकांची आवाजाविषयीची तक्रार हे एक जुने व बळकट कारण आहे. ज्याला वाट हवी त्याने गप्प चालावे.

आवश्यक वस्तू म्हणजे विंच, अडकलेले वाहन रिळावर दोर गुंडाळून ओढून काढणारी विजेची चरखी, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वाहन, स्वार व सामान यांच्या एकूण वजनाच्या दीडपट ओढ ही किमान. व्यवहारात २५०० ते ३५०० पौंडांची विंच बसवितात. पण हा आकडा रिळावर दोराचा अखेरचा, म्हणजे सर्वांत आतला थर उरलेला असतानाचा आहे. जितके थर वर गुंडाळलेले तितकी ओढ कमी. म्हणून दोर शक्य तितका बाहेर काढून दूरच्या झाडास बांधावा, मात्र शेवटचे पाच-सहा वेढे रिळावर राहू द्यावेत, नाहीतर दोर मुळातून सुटेल. तरीही ओढ अपुरी पडली तर एक कप्पी लावून दोर उलट वाहनाकडे आणावा; गती निम्मी होते, ओढ दुप्पट. झाडास दोर थेट बांधू नये, साल कापली जाऊन झाड मरते. त्यासाठी रुंद पट्टा मिळतो. पोलादी तार की कृत्रिम दोर हा वाद आता बहुतांशी मिटला आहे: तार तुटली तर चाबकासारखी उसळते, दोर हलका व कमी घातक, पण धारदार खडकावर घासला किंवा वर्षानुवर्षे उन्हात राहिला तर तो कमजोर होतो. विंच चालू असताना इंजिन चालू ठेवावे. या वाहनांची बॅटरी लहान, आणि विंच तिला काही मिनिटांत कोरडी करते.

त्याखालोखाल पोटाखालचे कवच. कारखान्यातून येणारे प्लॅस्टिकचे कवच गवतासाठी पुरते. खडकांसाठी ॲल्युमिनियमचे किंवा जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकचे घ्यावे. दुसरे मला अधिक पसंत, कारण ते खडकावरून सरकते आणि आवाज करीत नाही. पंक्चर दुरुस्तीचे सामान व छोटा पंप, सुटा पट्टा व तो बदलण्याची हत्यारे, प्रथमोपचाराची पेटी, पाणी; आणि जेथे दरीत मोबाइल चालत नाही तेथे उपग्रहामार्फत निरोप धाडणारे यंत्र. हे सर्व पुढल्या व मागल्या लोखंडी जाळीवर बांधताना त्यांची मर्यादा पाहावी; पुढे सुमारे शंभर पौंड, मागे दोनशे ही नेहमीची; आणि ती पूर्ण भरलेली गाडी म्हणजे डोक्यावर मोट घेऊन पायवाट उतरणारा माणूस. जड ते खाली आणि मध्ये, हा नियम.

मुलांसाठीची वाहने निराळी असतात, आणि त्यांवर वयाची चिठ्ठी असते. ‘मोठ्याच आकाराची घेऊ, पोरगा वाढेल’ हा हिशेब कपड्यांत चालतो, येथे तो जिवावर बेततो. म्हणून त्याविषयी अधिक चर्चा करीत नाही.

देखभालीचा मामला कंटाळवाणा पण सोपा. पहिले तेल वीसेक तासांत बदलावे लागते, कारण नव्या इंजिनाचा धातूचा कीस त्यात उतरलेला असतो. त्यापुढे मैलांवर नव्हे तर तासांच्या मापकावर नजर ठेवावी. धुळीच्या वाटेवरून आल्यावर हवेची गाळणी पाहावी. चिखल रेडिएटरच्या जाळीत वाळला तर इंजिन तापते, पण तो धुताना जोरदार फवारा बेअरिंगांवर व रबरी टोप्यांवर मारू नये, कारण तेथील ग्रीस वाहून जाऊन पाणी आत शिरते. ओढा पार केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून ते कोरडे झाल्याची खात्री करून घ्यावी. वाहन घरी नेण्यासाठी ट्रकच्या मागे फळ्या टाकून चढविताना होणारे अपघात वाटेवरील अपघातांइतकेच लाजिरवाणे असतात. फळ्या साखळीने ट्रकला बांधल्याशिवाय चाक वर ठेवू नये.

पुष्कळांनी पहिले वाहन जुने घ्यावे असे मला वाटते. वाट आणि आपण यांचे जमते की नाही हे कळेपर्यंत नव्या गाडीची किंमत निम्म्यावर आणण्यात शहाणपणा नाही. जुनी गाडी पाहताना मैल व तास हे दोन्ही आकडे मागावेत आणि एकास दुसऱ्याने भागावे. भागाकार दहा-बारा आला तर गाडी वाटांवर फिरलेली. चार-पाच आला तर शेतावर, कुंपणाच्या कामाला, उभ्या जागी घुरघुरत राहिलेली, आणि तिचे इंजिन मैलांवरून दिसते त्याहून पुष्कळ म्हातारे. पुढील चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहावे. खडखड झाली तर बेअरिंग किंवा गोलसांधा गेला. तेलाची काडी काढावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे, आणि गाडी कोठेतरी बुडालेली आहे. हवेच्या पेटीचे झाकण उघडून तळाशी वाळलेला गाळ आहे का पाहावे, विक्रेता धुऊन पुसून देतो ते बाहेरचे. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण ही वाहने चोरीस जातात. आणि शेवटी मालकीपत्र मागून त्यावर एखाद्या बँकेचे गहाण अजून चढलेले आहे काय, हे राज्याच्या वाहन दप्तरात विचारून घ्यावे, मगच पैसे मोजावेत.